पाय हालना

१२ मे १९९६, रविवार. सकाळी सहा वाजता मी रबरी नळ्या उकळायला ठेवल्या. ॲल्युमिनियमचं पातेलं, वर झाकण, उकळी फुटल्यापासून घड्याळ लावून वीस मिनिटं. त्या पातेल्यात दुसरं काही शिजत नसे. नळ्या सहा होत्या. चिमट्यानं काढल्या, इस्त्री केलेल्या सुती फडक्यावर वाळवल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी लावली. सात वाजता तो डबा नाईक सुदामच्या घरी पोचवला. नंतर चलथाणची बस धरली.

मी लष्करात नर्स होते. एकवीस वर्षं नोकरी झाली आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. शेवटची सहा वर्षं मणक्याच्या जखमींच्या वॉर्डात काढली. लोकांना वाटतं, सैनिकी आठवणी म्हणजे गोळ्या आणि बर्फ. माझ्या आठवणींत उशा, घड्याळ आणि लघवीचं माप आहे. त्याच गोष्टींवर माणसं जगायची किंवा मरायची.

निवृत्तीनंतर मी सुरतच्या उधन्याला राहायला आले. वडील रेल्वेत होते. त्यांनी रेल्वे लाइनपलीकडे बांधलेल्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. भोवती यंत्रमागांचा आवाज चोवीस तास असे. पहिले काही महिने मी दर दोन तासांनी आपोआप जागी व्हायची. वॉर्डात दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असते. इथे कोणाची बदलायची नव्हती. उठून पाणी प्यायची आणि पुन्हा आडवी व्हायची.

फेब्रुवारीत एका सुभेदार साहेबांचं पत्र आलं. त्यांच्या युनिटमधला वायरलेस ऑपरेटर, नाईक सुदाम, तुमच्याच उधन्यात आहे. गेल्या वर्षी डोंगरात गाडी दरीत गेली. छातीच्या चौथ्या मणक्याखाली काही नाही. जमलं तर बघून या.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. घरात सुदाम आणि त्याची आई, सोनामावशी. मंडळी मूळची अमळनेरकडची, घरात अहिराणी. थोरला भाऊ पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये, महिन्यातून एकदा यायचा. सुदाम अठ्ठावीस वर्षांचा. लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. खांदे आणि हात भक्कम. छातीच्या खाली निपचित.

तो खड्डा पडलेल्या कापसाच्या गादीवर उताणा होता. अंगाखाली चकचकीत पॉलिस्टरची चादर, साडीच्या कापडाची. लघवीची पिशवी खिडकीच्या गजाला, त्याच्या डोक्याच्या वर टांगलेली.

"ही वर का लावली?" मी विचारलं.

मावशी म्हणाल्या, "सलाईन वरच लावतात ना?"

सलाईन अंगात जातं म्हणून वर. ही अंगातून येते, म्हणून खाली. मी पिशवी उतरवून खाटेच्या खालच्या पट्टीला बांधली. मग सुदामला कुशीवर घेतलं. माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा होती. अंगठा दाबला तरी पांढरी होईना. फोड यायला आणखी दोन दिवस लागले असते.

त्या दिवसापासून मी चार्ज घेतला. खाटेवर फळी आणि फळीवर जाड फोम. सुरतेत मैलांनी कापड निघतं, पण सुती चादरीसाठी मला तीन दुकानं फिरावी लागली. पॉलिस्टरमध्ये घाम मुरत नाही आणि कातडी भिजून सुटते. चादरीला एक चुणी चालणार नाही, हे मावशींना हात फिरवून शिकवलं. डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर दोन तासांनी. कुशीवर घेताना माणूस पूर्ण आडवा करायचा नाही, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अर्धवट कलता ठेवायचा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. मावशी हडकुळ्या होत्या, पण चादरीला धरून ओढायचं तंत्र त्यांना दोन दिवसांत जमलं. रात्रीचा गजर लावून उठायच्या. कधी चुकल्या नाहीत.

उजव्या कुशीला मात्र सुदाम कुरकुर करायचा.

"मॅडम, उजवीकडे नुसती भिंत दिसते."

"भिंत माझ्याही खोलीत आहे," मी म्हणाले. "दोन तास बघ."

मार्चमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं कायमची नळी काढली. त्याऐवजी ठरलेल्या वेळी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि मध्यरात्रीनंतर एकदा. पाणी मोजून प्यायचं. एका वेळी चारशे मिलिलिटरच्या वर भरू द्यायचं नाही. सुदाम आधी तयार नव्हता. म्हणाला, "हे तुम्ही करा, मी डोळे मिटतो." मी सांगितलं, मी मेल्यावर कोण करणार? पंधरा दिवसांत त्याचा हात बसला.

मी रोज सकाळी दहाला जायची. तो वायरलेसवर बोलावं तसा रिपोर्ट द्यायचा.

"रात्री चार वेळा कूस बदल. कातडी साफ. सहाला तीनशे साठ. ऑल ओके, ओव्हर."

मी वहीत लिहून घ्यायची, पाठ तपासायची आणि निघायची. वीस मिनिटं. मावशी चहा विचारायच्या. मी कधी घेतला नाही. ड्यूटीवर पेशंटच्या घरचं काही घ्यायचं नाही, ही सवय होती. ड्यूटी संपून वर्ष झालं होतं, हे खरं.

त्या रविवारी मी दहाला जाणार नव्हते. चलथाणला माझी मोठी बहीण राहते. तिचे यजमान साखर कारखान्यात होते. सात वाजता डबा देताना मी सुदामला सांगितलं, "दहाची आणि दोनची तुझी तू कर. मी संध्याकाळी सहाला येईन."

"रॉजर, मॅडम."

चलथाणला आम्ही जेवलो. बहिणीनं मुलांचं सगळं सांगितलं. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. अडीच वाजता बोलणं संपलं. ती म्हणाली, थांब. मी म्हणाले, ऊन उतरलं की गर्दी होते. साडेतीनची बस मिळाली.

चार चाळीसला मी सुदामच्या गल्लीत शिरले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. अशा ढिगाचा अर्थ मी एकच काढला आणि पावलं उचलली. तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. त्यांच्या हातात माझा स्टीलचा डबा होता. डब्यात पेढे.

"बाई, आठे या! मना पोऱ्याना पाय हालना!"

माझ्या पोराचा पाय हलला, असं त्या ओरडत होत्या. मी आत गेले. आठ बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस माणसं. सुदाम उताणा, डोक्याखाली उशीही नाही. लोकांना पाय दिसावा म्हणून चादर कमरेपर्यंत गुंडाळून ठेवलेली. कोपऱ्यात उसाच्या रसाचे रिकामे ग्लास. शेजारच्या बाईनं मला घडलेलं सांगितलं. सकाळी साडेदहाला मावशी ओल्या गार फडक्यानं पाय पुसत होत्या, तर उजवा गुडघा एकदम वर उचलला गेला. मावशींनी गल्लीत हाक दिली. मग जो येईल तो पायावर पाणी शिंपडून बघायचा. पाय हलायचा. टाळ्या व्हायच्या. आलेल्या प्रत्येकानं सुदामला काहीतरी पाजलं होतं. रस, ताक, चहा.

"दखा, दखा," मावशी म्हणाल्या. "आते हात लावा नई तरी हालस!"

खरंच हलत होता. कोणी न शिवता दोन्ही पाय झटके देत होते.

मी पायांकडे बघितलं नाही. तोंडाकडे बघितलं. चेहरा आणि मान लालबुंद. कपाळावरून घामाच्या धारा. छातीपर्यंत बनियन ओला आणि त्याच्या खाली पोट कोरडं, अंगावर काटा. मे महिन्यात सुरतेत सगळ्यांनाच घाम येतो. पण तो छातीवर रेघ मारल्यासारखा थांबत नाही.

"सुदाम."

"मॅडम... डोकं फुटतंय."

मनगट धरलं. नाडी संथ. पन्नासच्या आसपास.

"दहाची केली?"

"केली."

"दोनची?"

तो छताकडे बघत होता. "निगेटिव्ह."

इथे थोडं सांगायला हवं. मणका वर तुटला की मूत्राशय भरल्याचं माणसाला कळत नाही, पण शरीराला कळतं. तो निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून शरीर दुसऱ्या वाटेनं ओरडतं. पाय झटके देतात, डोकं ठणकतं, रक्तदाब चढत जातो. कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होतो. अशा माणसाला झोपवायचं नाही. आडवं ठेवलं की दाब आणखी चढतो.

माझ्या पिशवीत नेहमी असलेलं बीपीचं यंत्र काढलं. सुदामचा नेहमीचा दाब शंभर-साठ. आता दोनशे दहा-एकशे वीस.

"बाहेर व्हा. सगळे."

कोणी हललं नाही. नाक्यावरचे किराणावाले रमणकाका त्याला झोपू द्या म्हणाले आणि स्वतःची प्रेशरची गोळी देऊ लागले, "बेन, एने सुवाडी दो. प्रेशर वधी गयुं छे. मारी गोळी आपुं?"

"गोळी नको. दोन माणसं इकडे. काखेत हात घाला. बसवा."

मावशी मध्ये आल्या. "झोपू द्या त्याले! त्याले घाम उना, ताप उतरना!"

"ताप नव्हता मावशी. बसवा!"

हा आवाज मी वॉर्डातून निघाल्यापासून काढला नव्हता. दोघांनी त्याला ताठ बसवलं. पाय खाटेखाली सोडले. मी लेंग्याची नाडी सोडली, बनियन फाडला.

"मावशी, नळ्या कुठे?"

मावशींनी खिडकीकडे बघितलं.

"डब्यात सहा नळ्या होत्या. कुठे आहेत?"

पेढ्यांना डबा हवा होता, म्हणून नळ्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. पुडकं खिडकीत होतं. वर धूळ आणि दोन मुंग्या. "पाय हालना," मावशी पुटपुटल्या, "आते नळी कसाले?" पाय हलला म्हणजे बाकीचंही आपोआप होईल, असा त्यांचा हिशोब होता. चुकीचा होता, पण वेड्याचा नव्हता.

उकळायला वीस मिनिटं लागली असती. माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती. नळी आतून-बाहेरून साबणानं धुतली, माठातलं पाणी आरपार सोडलं. निर्जंतुक नाही, स्वच्छ. जंतू झाले तर उद्या औषध देता येतं. रक्तस्रावाला उद्या नसतो.

"काका, दार ओढून घ्या."

आत आम्ही तिघंच राहिलो. मी सुदामला पाठीमागून उशांचा टेकू दिला.

"तू घालतोस की मी?"

त्यानं हात पुढे केला. दोनदा नळी हुकली. मी नळी दिली नाही. मीच घातली. चार बावन्न.

घाईनं सगळं काढायचं नसतं. पाचशेला चिमटा लावून थांबले, दाब बघितला, मग पुढे सोडलं. एकूण नऊशे चाळीस. पाच वाजता दाब एकशे साठ. पाच दहाला एकशे पंधरा. चेहऱ्याची लाली उतरली. घाम थांबला.

पायही थांबले. आधी डावा, मग उजवा. एकदा अंगठा वाकला आणि झालं. खाटेखाली दोन पाय नुसते लोंबत राहिले.

मावशी जमिनीवर बसून ते बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पाय थांबाडा," त्या म्हणाल्या.

पाय मीच थांबवले, असा तो आरोप होता. मी नळी धुतली. वहीत वेळ आणि माप लिहिलं.

"आई," सुदाम म्हणाला, "तो पाय चालायला हलत नव्हता. मला माहीत होतं."

मावशी उठल्या, डबा घेतला आणि बाहेर गेल्या. बाहेर चपला सरकल्याचे आवाज आले. दहा मिनिटांत ढीग संपला.

मी म्हणाले, "माहीत होतं?"

"वॉर्डात शिकवलं होतं मॅडम. झटके येतात, त्याचा अर्थ काही नसतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आईनं वर्षभरानं गल्लीत पेढे वाटले."

"आणि दोनची?"

"दोन वाजता खोलीत वीस माणसं होती. त्यांना बाहेर जा म्हणालो असतो तर गेली असती. मग परत कोण आलं असतं? वर्षात पहिल्यांदा घर भरलं होतं. म्हटलं, चारला करू." मग म्हणाला, "चूक झाली. रिपोर्ट करा."

"कोणाला करू?" मी म्हणाले.

संध्याकाळच्या सहाला त्यानं स्वतः नळी घातली. मी त्याला डाव्या कुशीवर घेतलं, दाराकडे तोंड करून. गुडघ्यात उशी, पोटऱ्यांखाली उशी. रात्रीसाठी तीन नळ्या उकळून त्याच्याजवळ ठेवल्या, उरलेल्या रुमालात बांधून घरी आणल्या. मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला वाट दिली.

घरी आल्यावर मला एक गोष्ट बाजूला सारता येईना. माझी लेफ्टनंटची वर्षं होती. उत्तरेतलं एक मिलिटरी हॉस्पिटल. बारा नंबरच्या बेडवर रायफलमन दिलबहादूर, वय बावीस, मानेच्या जरा खाली मणका मोडलेला. दुपारी दोन वीसला त्यानं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मी चार्टवर 'डोकेदुखी' लिहिलं, गोळी दिली, पडदा ओढला आणि त्याला सपाट झोपवलं. शांत पडून राहा, म्हणाले. अडीचला माझी ड्यूटी संपली. मी हॅन्डओव्हर दिला. त्याची नळी मांडीखाली दुमडली गेली होती. मी चादर उचलून बघितली नव्हती. संध्याकाळी परत आले तेव्हा बारा नंबरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. चौकशी झाली नाही, कोणी मला काही विचारलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक डोकेदुखीला आधी चादर उचलली. बाकी कोणाला सांगितलं नाही. विषय निघाला नाही आणि मी काढला नाही.

१३ मे, सोमवार. सकाळी सहाला दुसऱ्या संचातल्या सहा नळ्या उकळून फडक्यात गुंडाळल्या. आठ वाजता कोरा डबा विकत घेतला. नऊला सुदामच्या घरी गेले, नेहमीच्या एक तास आधी.

मावशींनी दार उघडलं. कालचा डबा घासून, फडकं घालून उन्हात ठेवला होता. वर चिठ्ठी होती, कालचीच, पुन्हा डकवलेली. माझ्या हातातल्या नव्या डब्याकडे त्यांनी बघितलं.

"हा पेढ्यांना ठेवा," मी म्हणाले. "तो नळ्यांचा."

त्यांनी नवा डबा घेतला आणि फळीवर ठेवला. मी नळ्या जुन्यात भरल्या. जरा वेळानं स्टोव्हजवळून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "च्या लेतस का, बाई?"

"घेते," मी म्हणाले.

सुदामनं मान वळवली. "मॅडम, रात्रीचा रिपोर्ट. चार वेळा कूस बदल. कातडी साफ. दाब तुम्ही बघा. ताप नाही. ऑल ओके, ओव्हर."

मी वहीत लिहिलं. पाठ तपासली. दाब एकशे चार-साठ. मग नेहमीसारखी निघाले नाही. कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसले. चहा फार गोड होता. मी तो सगळा प्यायले. मग त्याला दिलबहादूरचं सांगितलं. दोन वीस, गोळी, पडदा, चादर. जसं घडलं तसं, वेळेसकट. पाच मिनिटांत सांगून झालं.

सुदाम ऐकत होता. म्हणाला, "गाव कुठलं त्याचं?"

त्याचा नंबर मला आजही पाठ आहे, रक्तगट पाठ आहे, कोणत्या बाजूला किती वाजता वळवला तेही आठवतं. दिवाळीत वॉर्डात भांडं वाजवून गायचा, ते आठवतं. पण गाव मी विचारलंच नव्हतं.

"विचारलं नाही," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला.

दहा वाजले. मावशींनी नळ्यांचा डबा आणून त्याच्या हाताशी ठेवला. आम्ही दोघी उठलो, दार ओढून घेतलं आणि त्याचं होईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिलो.